बीजींनी सोडलेला शब्द

कुत्र्याचं नाव डिप्टी होतं. चंडीगढच्या त्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेल्या रागिणीला पहिल्या दिवशी वाटलं, खाली घरमालकीण बीजी कुणातरी साहेबालाच हाका मारताहेत. मग बीजींनीच हसून उलगडा केला. त्यांचे सरदारजी सचिवालयात आयुष्यभर डिप्टीच्या, म्हणजे डेप्युटी सेक्रेटरीच्या, खुर्चीची वाट पाहत राहिले. खुर्ची काही मिळाली नाही. तेव्हा निवृत्त झाल्यावर त्यांनी एक अल्सेशियन पिल्लू आणलं आणि ते पद त्याला देऊन टाकलं.

पण रागिणी आली तेव्हा सरदारजी नव्हते. एक्याण्णव साल होतं ते, आणि पंजाबातले दिवस वाईट होते. आदल्या हिवाळ्यात सरदारजी डिप्टीला घेऊन सेक्टरच्या मार्केटमध्ये गेले असताना कुठूनतरी गोळ्या सुटल्या. त्यांना एकही लागली नाही. पळापळीत ते खाली पडले आणि छाती धरून तिथेच गेले. डिप्टी त्यांच्या उशाशी उभा राहिला, कुणाला जवळ येऊ देईना, तेव्हा लोकांनी काठ्यांनी त्याला बाजूला केलं. त्या दिवसापासून तो बीजींच्या खाटेखाली राहायला गेला. बाहेर यायचा तो फक्त झेप घ्यायला. कुणाच्याही हातात लांबट वस्तू दिसली, छत्री असो, झाडू असो, की तो दात काढून तिच्यावर तुटून पडायचा.

रागिणीची आणि त्याची ओळख तशीच झाली. ती सांगलीकडची. पहाटे उठून स्नान, देवपूजा, पोथीचा एक अध्याय, मग जप, हा तिचा नेम. पूजेची फुलं काढायला बीजींनी खालची बाग मोकळी करून दिली होती. ती फांद्या वाकवायची लांब आकडी घेऊन तगरीपाशी पोचली आणि डिप्टीने आकडीचे दोन तुकडे केले. हाताला लागलं नाही इतकंच. बीजी धावत आल्या, माफी मागत राहिल्या. रागिणीचं लक्ष कुत्र्याच्या शेपटीकडे होतं. ती पायांत गेली होती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, तो रागीट नाहीये. घाबरलाय तो."

माधव वैद्यकीय संस्थेत डॉक्टर होता. दिवसभर जखमी माणसं पाहून आलेला. "अगं, आपण भाडेकरू आहोत," एवढंच म्हणून तो हात धुवायला गेला.

पण गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. गल्लीच्या तोंडाशी जवानांचा नाका बसला होता, वाळूची पोती रचून. एके दिवशी फाटक उघडं राहिलं आणि डिप्टी थेट एका जवानाच्या रायफलवर झेपावला. पट्टा धरून बीजींनी त्याला कसाबसा ओढून आणलं. नाक्यावरचे हवालदार नेगी सज्जन होते. ते घरी आले, टोपी काढून पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "माताजी, आपका कुत्ता डरा हुआ है, मेरे लड़के भी डरे हुए हैं. मैं हर बार बीच में नहीं रहूँगा." पुढच्या वेळी गोळी सुटली तर मी पोरांना बोल लावणार नाही, हेही त्यांनी तितक्याच मऊपणे सांगितलं.

बीजींचे भाऊ मुल्लानपूरकडे शेती करत. डिप्टीला तिकडे पाठवावं असं ठरलं. भाऊ आले, पण त्यांनी हातच जोडले. गावात रात्रीबेरात्री बंदुका घेऊन हिंडणाऱ्यांना कुत्र्यांचं भुंकणं नको होतं, आणि तशा चिठ्ठ्या गुरुद्वाराच्या भिंतीवर लागल्या होत्या. लोक स्वतःच्या हाताने आपापल्या कुत्र्यांना विष घालत होते. म्हणजे तिकडे तो भुंकला म्हणून मेला असता आणि इकडे झेपावला म्हणून. बीजींनी भावाला चहा दिला. त्या पोचवायला फाटकापर्यंत गेल्या आणि परत येऊन खाटेवर बसल्या. खाली डिप्टी होता. सरदारजींना शेवटचं पाहिलेला जीव तेवढा एकच त्या घरात उरला होता.

रागिणीने त्याच संध्याकाळी डिप्टीला शिकवायची बीजींची परवानगी मागितली.

तिचे कृष्णकांत काका जमखंडीला शिकारी कुत्री पाळत. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्यामागे हिंडायची. घाबरलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत बघू नये, रोज एका वेळी त्याच्या जवळ जाऊन नुसतं बसावं, हे तिने तिथे पाहिलं होतं. तेव्हा तिने आपला जप खाली आणला. खाटेपासून थोड्या अंतरावर, पाठ डिप्टीकडे करून ती आसन टाकायची आणि माळ ओढत बसायची. उठताना नैवेद्याच्या पोळीचा तुकडा मागे ठेवून निघून जायची. कित्येक दिवस तुकडा ती गेल्यावरच उचलला जाई. मग एका सकाळी तिच्या पाठीला गरम श्वास लागला. तिची माळ थांबली नाही. मेरुमणी आल्यावरच तिने हात मागे नेला, आणि त्या हातावर ओलं नाक टेकलं.

बीजी दारातून हे पाहत होत्या. त्यांनी ओढणीचा पदर तोंडाला लावला.

मग शिकवणं सुरू झालं. काका म्हणायचे, कुत्र्याला नाही-नाही म्हणून काही कळत नाही. काय कर ते सांगावं, आणि एका शब्दाला एकच अर्थ ठेवावा. झेप घ्यायच्या ऐवजी डिप्टीने बसायचं, एवढंच रागिणीला हवं होतं. हिंदीत ती फार गुळमुळीत बोलायची, का-की-के मध्ये तिचा जीव अडकायचा. आवाजात धीर यायचा तो मराठीतच. 'ये' म्हणायचं नाही हे तिने आधीच ठरवलं, कारण हिंदीत जो तो दर वाक्याला 'ये' म्हणतो. कुत्रं वेडं व्हायचं. त्याऐवजी 'इकडे' घेतलं. आणि बसण्यासाठी अर्थातच 'बस'.

डिप्टी तो शब्द पटकन शिकला. ती हलक्या आवाजात 'बस' म्हणायची, तो बसायचा, पोळीचा तुकडा मिळायचा. पुढे छत्री आली. आधी ती नुसती अंगणात आडवी पडलेली, भोवती तुकडे टाकलेले. मग उभी केलेली. मग धरायला माणूस लागला, तेव्हा माधव तयार झाला. कडक उन्हात, आभाळात ढग नसताना, संस्थेतला डॉक्टर अंगणाच्या टोकाला मिटलेली छत्री धरून पुतळ्यासारखा उभा. समोरच्या मल्होत्रा भाभी गच्चीवरून म्हणाल्या, डॉक्टरसाहेब, पाऊस अजून महिनाभर नाही, आत जाऊन बसलात तरी चालेल. डिप्टी छत्रीकडे बघत गुरगुरला. रागिणीने त्याला गुरगुरू दिलं. आत भीती ठेवून त्याने तोंड मिटावं हे तिला नको होतं. माधव एक पाऊल मागे सरला, डिप्टी गप्प झाला, 'बस' म्हटल्यावर बसला. त्या रात्री जेवताना माधव आपणहून म्हणाला की उद्या तो काठी धरून उभा राहील.

इतकं जमल्यावर तिने त्याला नाक्याकडे न्यायचं ठरवलं. हवालदार नेगींना आधी सांगितलं होतं. लांबूनच वळायचं होतं. पण वळणावर एक जवान पोत्यांमागून एकदम उठला, रायफल हातात. डिप्टीचं अंग ताठ झालं. रागिणी म्हणाली, "बस." त्याने ऐकलं, कान हलले, पण तो बसला नाही. तिने पुन्हा म्हटलं. पट्टा तिच्या हातून सुटला. जवानाने रायफल खांद्याला लावली, आणि नेगींनी हाताने तिची नळी खाली दाबली नसती तर तिथेच सगळं संपलं असतं. डिप्टीने बंदुकीचा पट्टा दातांत धरला होता. रागिणी गुडघ्यांवर बसून 'इकडे, इकडे' म्हणत राहिली, तेव्हा कुठे त्याने सोडला.

नेगींनी या वेळी टोपी काढली नाही. "बहनजी, आज आख़िरी था," ते म्हणाले. वरून हुकूम आहे, लवकरच सेक्टरात घरोघर झडती होईल, तेव्हा येणारी माणसं माझी नसतील, हेही त्यांनी सांगून टाकलं.

घरी येऊन रागिणी पायरीवर बसून राहिली. इतका पक्का शब्द कसा गेला, तिला उमजेना. समोर बीजींकडे भाजीवाला आला होता. तो पाल्याची जुडी पारड्यात टाकत होता आणि बीजी म्हणत होत्या, "बस, बस." डिप्टीने मान वर केली, बूड थोडंसं टेकवलं, पुन्हा उचललं. त्याला कुणी काही दिलं नाही. आत फोन वाजला. बीजी बोलल्या, 'बस जी, ठीक है, बस.' चहाला आलेल्या मल्होत्रा भाभी कपावर तळहात धरून म्हणाल्या, बस. डिप्टीने आता कानही हलवला नाही.

रागिणीने कपाळावर हात मारला. 'ये' तिच्या लक्षात आला होता, 'बस' आला नव्हता. आपल्या मराठीतही आपण 'बस्स झालं' म्हणतोच, म्हणून तो शब्द तिच्या कानाला वेगळा लागलाच नाही. त्या घरात सकाळपासून निजेपर्यंत तो शब्द नुसता सांडत होता. कुत्रं बिचारं आधी दरवेळी बसलं असेल. कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून त्यानेही द्यायचं सोडलं. बीजींनाही तिने हे सांगितलं.

तिने शब्द बदलून पाहिला. 'खाली' म्हणाली, हाताने दाखवलं. डिप्टी तिच्याकडे बघत राहिला. तिचा आवाज नेहमीचा, शब्द परका. दोन-तीनदा तसं झाल्यावर तो उठला आणि खाटेखाली निघून गेला. इतक्या महिन्यांत तो तिथे गेला नव्हता.

आषाढ चालू होता. एकादशीला रागिणीने चातुर्मासाचा नेम धरला. बीजींनी विचारलं, या वेळी काय सोडलंस? त्यांना तिच्या व्रतांचं मोठं कौतुक होतं आणि थोडी थट्टाही. रागिणीने सांगितलं, या चार महिन्यांत आवडीची एक वस्तू सोडायची असते, मी चहा सोडलाय. बीजी हळहळल्या. चहा सोडून चंडीगढच्या थंडीत शिरणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. मग बराच वेळ त्या खाटेखाली बघत राहिल्या.

"पुत्तर, हमारे में व्रत नहीं रखते," त्या शेवटी म्हणाल्या. "यह व्रत नहीं है. यह डिप्टी का काम है. वो लफ़्ज़ मैं छोड़ती हूँ."

कुठला शब्द, हे त्यांनी उच्चारलं नाही. त्या क्षणापासूनच सोडला होता.

रागिणी म्हणाली की बीजी, हे जमणारं नाही. माणूस श्वासाबरोबर तो शब्द बोलतो. बीजी म्हणाल्या, तू पहाटे उठून गार पाण्याने न्हातेस, मला अवघड काय असतं ते शिकवू नकोस. आणि डिप्टीला तो शब्द सांगायचं काम तुझं एकटीचं. माझ्या तोंडात तो येणारच नाही.

सत्तरीला आलेल्या बाईने आपल्या मायबोलीतून एक शब्द काढून ठेवला, आणि तोही असा की ज्याच्यावाचून पंजाबी माणसाचं वाक्य संपत नाही. ताटात वाढणाऱ्याला त्या आता म्हणायच्या, 'रज्ज गई', पोट भरलं. भाजीवाल्याला नुसता हात दाखवायच्या. गावी जायची बस त्यांच्यासाठी पुन्हा लारी झाली, त्यांच्या लहानपणी होती तशी. पहिल्या दिवसांत शब्द ओठांवर यायचा, मग त्या तिथेच थांबायच्या, तोंड अर्धं उघडं, आणि बाकीचे कसेबसे हसू आवरायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दारातच सांगितलं जायचं. मल्होत्रा भाभींनी विचारलं, पुढच्या महिन्यात पाणी मागायलाही बंदी का? पण दुसऱ्या दिवसापासून त्याही कपावर हात धरून मुकाट मान हलवू लागल्या. माधवकडून एकदा 'बस्स झालं' निसटलं, तर बीजींनी वर पाहून नुसती जीभ चावून दाखवली.

घर शांत झालं तसा तो शब्द पुन्हा ठळक झाला. दिवसातून फक्त जपानंतर, फक्त रागिणीच्या तोंडून. डिप्टी आधी नुसता कान टवकारायचा, मग एक दिवस बसला. छत्री, काठी, मग हवालदारांनी कौतुकाने पाठवलेला जुना दांडका, असं करत श्रावण गेला. भादव्यात नेगींना विचारून रागिणी आणि तो नाक्यापासून लांब उभे राहू लागले. नेगी लांबूनच हात करायचे. जवान पोत्यांमागे बसूनच असायचे, उठायचे ते हळूहळू.

त्याच सुमाराला बीजींचा भाचा गेला. त्या मुल्लानपूरच्या भावाचा मोठा मुलगा. शेतावरून परतताना मारला गेला. कुणी मारलं हे घरात कुणी विचारलं नाही, त्या दिवसांत विचारत नसत. बीजी गावी जाऊन आल्या, आणि मग त्यांच्याही घरी अफसोस करायला, म्हणजे दुखवट्याला, बायका आल्या. बैठकीत पांढरी चादर अंथरलेली होती. रागिणी कोपऱ्यात बसली होती. एक बाई रडू लागली, तिच्याबरोबर दुसरी, आणि मुलाची चुलत बहीण तर ऊर बडवून घेऊ लागली. अशा वेळी वडीलधारी बाई जवळ घेते आणि एकच शब्द म्हणते. पाठीवर हात फिरवत तोच पुनःपुन्हा म्हणते. सगळ्यांचे डोळे बीजींकडे होते. बीजींनी मुलीला छातीशी धरलं, ओठ उघडले. दाराशी डिप्टी पडला होता. रागिणीला दिसलं की शब्द बीजींच्या घशापर्यंत आला आणि त्यांनी तो गिळला, पाण्याचा घोट गिळावा तसा.  मुलीचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरून झुलत राहिल्या, ती थकून शांत होईपर्यंत.

रागिणीने त्या दिवशी देवापाशी दिवा लावला तेव्हा तिला स्वतःच्या चहाची लाज वाटली.

झडती आली ती आश्विनात, एका सकाळी. रागिणी वर पोथी वाचत होती. गल्लीत गाड्या थांबल्या, बुटांचे आवाज, फाटक ढकललं गेल्याचा आवाज. ती उठून जिन्यापाशी धावली. जिन्यावर एक अनोळखी जवान उभा होता. "बहनजी, वहीं रुकिए," तो म्हणाला. नेगींची माणसं नव्हती ही.

जिन्याच्या जाळीतून खालचं अंगण दिसत होतं. एक कोवळा जवान रायफल पुढे धरून आत शिरला होता. डिप्टी व्हरांड्यातून बाहेर आला. पाठीवरचे केस उभे, शेपटी पायांत. त्याच्या घशातला आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. जवान थबकला आणि नळी खाली, कुत्र्याच्या रोखाने वळली. रागिणीला ओरडावंसं वाटलं. पण तिने डिप्टीला तो शब्द कधी ओरडून सांगितला नव्हता. वरून किंचाळून म्हटला तर तो त्याला शब्द वाटणारच नाही, नुसता आणखी एक आवाज वाटेल. 

अंगणात बीजी एकट्या होत्या. दुसरी कुणी असती तर हात जोडून त्या पोरालाच म्हणाली असती, बस पुत्तर, बस. बीजी जवानाकडे वळल्या नाहीत. डिप्टीच्या पट्ट्यावरही झडप घातली नाही. त्या त्याच्या बाजूला जाऊन तिरक्या उभ्या राहिल्या, त्याच्याकडे न बघता, रागिणी उभी राहायची तशा. तळहात कमरेशी आणून जमिनीकडे केला. मग त्यांनी तो शब्द उच्चारला.

"बस."

पंजाबी बाई म्हणते तसा तो लांबलेला नव्हता. आखूड, खालच्या सुरात, सांगलीचा. त्यांनी तीन महिने न वापरलेला शब्द होता तो. अंगणात पडला तो एकटाच.

डिप्टी थरथरत होता. त्याचे मागचे पाय वाकले, अडले, पुन्हा वाकले, आणि तो बसला. गुरगुर घशात राहिली, नजर नळीवरून हलली नाही, पण तो बसून राहिला. जवान त्याच्याकडे आणि म्हातारीकडे बघत राहिला. मग त्याने नळी आभाळाकडे केली आणि भिंतीच्या कडेने खोलीत गेला. खोल्या पाहून झाल्या, कपाटं उघडून झाली, माणसं बाहेर पडली. तोवर डिप्टी उठला नाही. जाताना मागच्या अधिकाऱ्याने विचारलं, माताजी, कुणी शिकवलं याला? बीजींनी वर जिन्याकडे बोट दाखवलं. रागिणीने तिथूनच मान हलवून नाही म्हटलं आणि हात बीजींकडे केला.

फाटक लागल्यावर ती खाली आली. बीजी पायरीवर बसल्या होत्या. त्या पोळीचा एकेक तुकडा डिप्टीला भरवत होत्या. तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून खात होता.

"टूट गया ना?" बीजींनी वर न बघता विचारलं. "अभी तो तेरे चार महीने भी पूरे नहीं हुए."

रागिणी त्यांच्या शेजारी बसली.  मग तिने सांगितलं की मोडलं नाही. आमच्याकडे रीत अशी आहे की नेम संपताना, सोडलेली वस्तू आधी कुणाला तरी दान द्यायची. त्यानंतरच ती आपण घ्यायला मोकळं.

 बीजी डिप्टीच्या कानामागे खाजवत राहिल्या.

"फिर तो मैंने दे दिया," त्या म्हणाल्या. "इसी को दे दिया."

"हो बीजी. आता तुम्ही तो खुशाल बोलू शकता."

बीजी हसल्या. त्या दिवसांत त्या क्वचितच हसत. त्यांनी मान हलवली.

"ना पुत्तर. दी हुई चीज़ वापस नहीं लेते. अब उसका है, रहने दे उसके पास."

कार्तिकात रागिणीने चहाची पूड दान दिली आणि पहिला कप बीजींच्या खाटेवर बसून घेतला. बीजी किटलीतून ओतत होत्या. कप भरत आला तसा रागिणीने त्यावर तळहात धरला, आणि काही बोलली नाही.